जॅझ, फंक आणि सोल मिसळणारे जपानी पॉप बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कोपऱ्यातलं संगीत नुकतंच सापडलेले आणि त्यात वर्षभर फिरून अडकलेले, असे दोन्ही प्रकारचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून मधूनमधून प्रश्नक्रमांक दिले आहेत.

१. हे सगळं म्हणजे सिटी पॉपच ना?

नाही. सिटी पॉप हा या प्रवाहातला एक काळ आहे, साधारण १९७५ ते १९८५ चा. शुगर बेब या बँडचा 'साँग्ज' हा अल्बम १९७५ मध्ये आला. त्यात तात्सुरो यामाशिता आणि ताएको ओनुकी एकत्र होते. तिथून अमेरिकन सोल आणि फ्यूजन (जॅझ आणि रॉक यांची मिसळ) जपानी शब्दांत मुरायला लागलं. नव्वदीत शिबुया-केई आलं (प्रश्न ९). २००० च्या आसपास एगो-रॅपिन, ऑरेंज पेको यांच्यासारखे क्लबमधल्या जॅझवर वाढलेले गट आले. २०१५ च्या सुमारास सच्मोस, सेरो, वॉन्क, नल्बारिच ही पिढी पुढे आली, आणि तिच्यामागून क्रोई, ब्रेमेन. या साऱ्यांना 'सिटी पॉप' म्हणणं म्हणजे नाट्यसंगीत, भावगीत आणि लावणी यांना मिळून 'जुनी मराठी गाणी' म्हणण्यासारखं आहे. चूक नाही, पण शोधताना काही उपयोगाचं नाही.

२. जॅझमधलं ओ की ठो कळत नाही. तरी जमेल?

जमेल, कारण कान तुम्हाला वाटतो तेवढा कोरा नाही. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) ऐकला असेल तर चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याच्या हाताखालून गेलेला स्विंग तुम्ही ऐकलेला आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा या गोव्याच्या अरेंजर (संगीत-संयोजक) मंडळींनी हिंदी चित्रपटसंगीतात ज्या कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) आणि जे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणलं, त्याचंच भावंड जपानी पॉपमध्ये आहे. आर. डी. बर्मनच्या गाण्यात बेस गिटार पुढे आली की मान हलते ना? मग झालं. शास्त्र नंतर शिकता येतं. प्रश्न ४ आणि ५ मध्ये लागेल तेवढं दिलं आहे.

३. पहिल्या आठवड्यात नेमकं काय ऐकू?

सात अल्बम, याच क्रमाने. आधी नव्या ध्वनिमुद्रणाने कान बसवायचा, मग मागे जायचं.

सच्मोसचा 'द किड्स' (२०१७): यात 'स्टे ट्यून' आहे. बेसची ओळ गुणगुणता येईपर्यंत ऐका. बँडचं नाव लुई आर्मस्ट्राँगच्या 'सॅच्मो' या टोपणनावावरून घेतलेलं आहे. गेन होशिनोचा 'यलो डान्सर' (२०१५): सोल आणि डिस्कोचं जपानी घरगुती पॉपशी लागलेलं लग्न. ताएको ओनुकीचा 'सनशॉवर' (१९७७): इथे ड्रमवर क्रिस पार्कर हा न्यूयॉर्कच्या 'स्टफ' बँडचा वादक आहे, आणि बरंचसं संगीत-संयोजन र्युइची साकामोतोचं. किरिंजीचा 'थ्री' (२०००): 'एलियन्स' हे गाणं यातलंच. टोकियो जिहेनचा 'ओतोना' (२००६): मोठी गर्दी, पण प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. सेरोचा 'ऑब्स्क्युअर राइड' (२०१५): मुद्दाम मागे रेंगाळणारा ड्रम. शेवटी क्रोईचा 'लेन्स' (२०२१): फंकवर रॅप.

एका अल्बमला तीन फेऱ्या द्या. पहिली नुसती, दुसरी फक्त बेसवर लक्ष ठेवून, तिसरी ड्रमवर. आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि एवढा खालचा सूर फोनच्या स्पीकरला काढताच येत नाही. 'मला यात विशेष काही वाटलं नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक फोनवर ऐकत असतात. दोनतीनशे रुपयांचे वायरचे इअरफोनसुद्धा पुष्कळ बरे.

४. जॅझ कुठे, फंक कुठे, सोल कुठे हे कानाला कसं कळायचं?

टाळीपासून सुरू करा. गाण्याच्या चार मात्रा मोजा: एक, दोन, तीन, चार. आपला हात सवयीने समेवर पडतो. इथे दोन आणि चारवर टाळी द्या. स्नेअर ड्रमचा फटका तिथेच असतो. हात पुन्हा पुन्हा समेकडे घसरत असेल तर पायाने सम धरा आणि हाताने दोन-चार. दहा मिनिटांत बसतं.

आता फरक. फंकमध्ये स्नेअर दोन-चारवर असला तरी बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) यांचं सगळं वजन 'एक'वर येतं. मधल्या मात्रांचे बारीक तुकडे होतात, एका आवर्तनाचे सोळा, आणि गिटार त्या सोळांपैकी काही घरं भरते, काही मुद्दाम रिकामी सोडते. फंकची मजा रिकाम्या घरांत आहे. बेसवादक अंगठ्याने तार आपटून आणि बोटाने उपटून वाजवत असेल (त्याला स्लॅप म्हणतात) तर शंकाच नको.

सोलमध्ये गळा मालक असतो. वाद्यं त्याला वाट करून देतात, कोरस मागून उत्तर देतो, आणि गायक ओळीच्या शेवटी सूर वळवून-वळवून सोडतो. जॅझ दोन ठिकाणी सापडतो. एक, कॉर्डमध्ये: साध्या तीन सुरांऐवजी चार-पाच सुरांच्या कॉर्ड. दोन, मधल्या जागेत: तिथे पियानो, ट्रम्पेट किंवा गिटार दर वेळी वेगळं काहीतरी रचते.

एक नवीन प्रकारही ओळखून ठेवा. वॉन्क आणि सेरो यांच्या काही गाण्यांत ड्रम किंचित मागे पडल्यासारखा वाटतो, जणू वादक पेंगतोय. ती चूक नाही. मशीनवरच्या हिपहॉप तालातला मुद्दाम ठेवलेला तिरपेपणा आहे आणि इथे तो माणसाच्या हाताने वाजवलेला आहे. वाजवायला हे सरळ तालापेक्षा कितीतरी अवघड.

५. वेगवेगळ्या बँडच्या गाण्यांत एकच चाल मागून ऐकू येते. भास आहे का?

भास नाही. कॉर्डची ती साखळी इतकी वापरली जाते की जपानमध्ये तिला 'मारु-सा शिन्को' असं नाव पडलंय. शिना रिंगोच्या १९९९ च्या 'मारुनोउची सॅडिस्टिक' या गाण्यावरून ते आलं. मूळ ओळख मात्र ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर आणि बिल विदर्स यांच्या 'जस्ट द टू ऑफ अस'ची.

घरी पेटी असेल तर वाजवूनच बघा. पांढरी एकचा सा धरा. प्रत्येक कॉर्ड चार मात्रा:

पहिली: म, ध, वरचा सा, वरचा ग.
दुसरी: ग, कोमल ध, नि, वरचा रे.
तिसरी: ध, वरचा सा, वरचा ग, वरचा प.
चौथीचे दोन भाग, दोन-दोन मात्रांचे: आधी प, कोमल नि, वरचा रे, वरचा म; मग सा, ग, प, कोमल नि.
आणि परत पहिलीवर.

बोटं पुरत नसतील तर सूर वरखाली फिरवून जवळ आणा, कॉर्ड तीच राहते. गंमत अशी की दुसऱ्या कॉर्डमधला कोमल ध खालून शुद्ध धकडे चढतो, आणि शेवटच्या कॉर्डमधला कोमल नि वरून त्याच धवर उतरतो. एकच सूर, दोन्ही बाजूंनी ओढलेला. गाणं संपूच नये असं वाटतं ते यामुळे. नेहमी चुकतं ते दुसऱ्या कॉर्डमध्ये: हात सवयीने शुद्ध ध दाबतो आणि सगळी ओढच जाते.

६. नाव टाकलं की भलताच कलाकार येतो. नीट शोधायचं कसं?

तीन अडचणी असतात. पहिली, स्पेलिंग. ऐकून लिहिलं तर सापडत नाही, म्हणून रोमन अक्षरं इथे फोडून देतो. सच्मोस: एस-यू-सी-एच-एम-ओ-एस. क्रोई: के-आर-ओ-आय. वॉन्क: डब्ल्यू-ओ-एन-के. सेरो: सी-ई-आर-ओ. नल्बारिच: एन-यू-एल-बी-ए-आर-आय-सी-एच. ब्रेमेन: बी-आर-ई-आय-एम-ई-एन. पेट्रोल्झ: पी-ई-टी-आर-ओ-एल-झेड. क्रॅक्लॅक्स तर सी-आर-सी-के, मग तिरपी रेघ, मग एल-सी-के-एस, स्वर नाहीतच.

दुसरी अडचण, दीर्घ स्वर. ओनुकी हे नाव एका ओ-ने, दोन ओ-नी, किंवा ओ-एच असंही लिहिलेलं सापडतं. गायक एइची ओताकीच्या नावाचंही तसंच. आडनाव आधी की नाव आधी हेही ठिकाणागणिक बदलतं. उपाय एकच: विकिपीडियावर कलाकाराचं पान काढा, भाषांच्या यादीतून जपानी पान उघडा, वरचं जपानी लिपीतलं नाव कॉपी करून शोधपेटीत टाका. एवढ्याने बहुतेक अडचणी मिटतात.

तिसरी, सामान्य शब्दांची नावं. 'लॅम्प' (२००० पासूनचं टोकियोचं त्रिकूट, बोसा नोव्हा (ब्राझीलचं सांबा आणि जॅझ मिसळलेलं संगीत) आणि सोल यांच्या मधलं फार नाजूक काम) किंवा 'बर्ड' ही गायिका. नुसतं नाव टाकलंत तर जगभरचे दिवे आणि पक्षी समोर येतील. नावासोबत अल्बमचं नाव जोडा. लॅम्पसाठी 'लॅम्प गेन्सो' (२००८) किंवा 'युमे' (२०१४). सेरो हा स्पॅनिशमध्ये 'शून्य', त्यामुळे तिथेही हेच करा.

७. एक बँड आवडला. पुढचा कसा शोधू? ॲप तीच वीस गाणी फिरवत बसतं.

ॲपला तुम्ही काय ऐकलंत ते कळतं, कोणी वाजवलं ते त्याच्या हिशोबात फारसं नसतं. या संगीतात शैलीच्या नावामागे न जाता माणसांमागे जावं. वादक आणि अरेंजर एका गटातून दुसऱ्यात सतत फिरत असतात.

सीडीच्या पुस्तिकेत किंवा गाण्याच्या श्रेयनामावलीत तीन शब्द ओळखायला शिका: साकुशी म्हणजे शब्द, साक्क्योकु म्हणजे चाल, हेन्क्योकु म्हणजे संगीत-संयोजन. तिसऱ्याला सगळ्यात जास्त महत्त्व द्या, कारण गाण्याचा रंग तिथे ठरतो. वादकाच्या जपानी विकिपीडिया पानावर 'सांका साकुहिन' असा भाग असतो, म्हणजे सहभाग असलेली कामं. तो भाषांतर करून वाचा.

जुन्या काळातलं एक उदाहरण. मिकी मात्सुबाराचं 'मायोनाका नो डोआ' (१९७९) बहुतेकांना माहीत असतं; २०२० मध्ये ते जगभर पसरलं. चाल आणि संयोजन तेत्सुजी हायाशीचं. त्याचं नाव धरून निघालात की मारिया ताकेउचीचं 'सप्टेंबर' (१९७९) हाती येतं आणि पुढे कियोताका सुगियामा अँड ओमेगा ट्राइबची गाणी. एका नावावर महिनाभराचं ऐकणं निघालं.

नव्या काळातलं. टोकियो जिहेन या शिना रिंगोच्या बँडमध्ये उकिगुमो नावाचा गिटारवाला आहे. हे टोपणनाव, खरं नाव र्योसुके नागाओका. या दुसऱ्या नावाने शोधलंत तर पेट्रोल्झ हे त्याचं स्वतःचं त्रिकूट सापडतं, आणि गेन होशिनोच्या बँडमध्येही तोच गिटार वाजवताना दिसतो. होशिनो स्वतः आधी साकेरॉक या नुसती वाद्यं वाजवणाऱ्या गटात होता. साकेरॉकचा ट्रॉम्बोनवाला केंता हामानो, त्याने २००७ मध्ये झाइनिची फंक काढला: अमेरिकन फंकचा उस्ताद जेम्स ब्राउन याला साष्टांग नमस्कार, पण शब्द जपानी आणि विनोद कोरडा. म्हणजे शिना रिंगोपासून निघून चार उड्यांत तुम्ही कडक फंकवर पोचलात. कोणत्याही ॲपने ही वाट दाखवली नसती.

आणखी दोन नावं टिपून ठेवा. ड्रमर शुन इशिवाका: क्रॅक्लॅक्स, मिलेनियम परेड, स्वतःचा आन्सर टू रिमेम्बर. 'ब्लू जायंट' (२०२३) या ॲनिमेशनपटात नवशिक्या ड्रमरचं वादनही त्याचंच. चांगल्या वादकाने मुद्दाम कच्चं वाजवणं काय असतं ते तिथे ऐका. दुसरा आयाताके एझाकी, वॉन्कचा कीबोर्डवाला, जो किंग नू, व्हॉन्डी, केन्शी योनेझु अशा मोठ्या नावांच्या ध्वनिमुद्रणांतही आहे. वॉन्क हे नाव जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकवरून: एम उलटा केला की डब्ल्यू. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव 'स्फिअर' (२०१६), आणि मंकचं मधलं नाव स्फिअर. असे दुवे हे लोक मुद्दाम पेरून ठेवतात.

८. तात्सुरो यामाशिताचं एवढं नाव ऐकतो, पण ॲपवर अल्बम सापडत नाहीत. शोधण्यात चुकतंय का?

चूक तुमची नाही. त्याने आपले अल्बम मासिक वर्गणीच्या सेवांवर दिलेलेच नाहीत. जे सापडतं ते बहुधा इतरांनी गायलेलं किंवा परवानगीशिवाय चढवलेलं असतं, आणि ते अधूनमधून गायब होतं. रस्ता एकच, तबकडी किंवा सीडी. २०२३ मध्ये १९७६ ते १९८२ या काळातले त्याचे अल्बम एलपी आणि कॅसेटवर नव्याने निघाले, त्यामुळे जुन्या प्रतींसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजू नका.

कुठून सुरुवात? 'फॉर यू' (१९८२) सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण जॅझ-फंकचं अंग पाहायचं असेल तर 'इट्स अ पॉपिन टाइम' (१९७८) घ्या: रोप्पोंगीच्या पिट इनमध्ये प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेला, लांबलांब वादनाचा. पहिला 'सर्कस टाउन' (१९७६) अर्धा न्यूयॉर्कला आणि अर्धा लॉस एंजेलिसला मुद्रित झाला. मागवण्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

९. ऐंशी आणि दोन हजार यांच्या मधल्या काळात काय होतं?

पुष्कळ. शिबुया-केई हे नाव टोकियोच्या शिबुया भागातल्या रेकॉर्डच्या दुकानांवरून पडलं. जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या पोरांनी साठच्या दशकातला फ्रेंच पॉप, बोसा नोव्हा, सोल आणि जॅझ यांची कात्रणं जोडून गाणी केली. पिझिकॅटो फाइव्ह हे त्यातलं ठळक नाव. गट २००१ मध्ये थांबला. सोलकडे जास्त झुकलेला हवा असेल तर ओरिजिनल लव्हचं 'सेप्पुन' (१९९३) ऐका. अजूनही नवे गायक ते गातात. याच सुमारास जॅझ-हाउसवाले मोंदो ग्रोसो आणि क्योटो जॅझ मॅसिव्ह होते, पण ते गाण्यांपेक्षा नाचाच्या मजल्यासाठी जास्त.

१०. 'प्लास्टिक लव्ह' आवडलं म्हणून अल्बम लावला, तर गाणं वेगळंच आणि संथ निघालं. का?

तुम्ही आधी ऐकलं ते बहुधा 'फ्यूचर फंक' होतं. जुन्या सिटी पॉपचा तुकडा कापून, वेग वाढवून, जाड किक ड्रमवर चढवलेला. वेग वाढवला की आवाजाची पट्टीही चढते, म्हणून गायिका पोरसवदा वाटते. मारिया ताकेउचीचं मूळ गाणं 'व्हरायटी' या १९८४ च्या अल्बममध्ये आहे, संयोजन यामाशिताचं (हो, तिचा नवरा). 'सिटी पॉप मिक्स' नावाच्या तासाभराच्या व्हिडिओंतही असे वेगवान किंवा मुद्दाम संथ केलेले तुकडे मिसळलेले असतात, आणि खाली गाण्यांची यादी नसते. यादी नसलेला मिक्स ऐकायला हरकत नाही, शोधायला निरुपयोगी.

११. गाणं नको, नुसती वाद्यं हवीत. किंवा थोडं गाणं चालेल पण जॅझ जास्त हवा.

नुसती वाद्यं, चकचकीत आणि वेगवान: कॅसिओपियाचा 'मिंट जॅम्स' (१९८२). प्रत्यक्ष मैफलीतलं वादन, पण टाळ्या जवळपास काढून टाकलेल्या. तिथला कीबोर्डवाला मिनोरू मुकाइया याने पुढे रेल्वे स्थानकांवर गाडी सुटताना वाजणाऱ्या धुना केल्या. त्यामुळे जपानमध्ये अनेकांनी कॅसिओपिया ऐकण्याआधीच त्याला ऐकलेलं असतं. टी-स्क्वेअरचं 'ट्रूथ' (१९८७) हे फॉर्म्युला वनच्या जपानी प्रक्षेपणाचं गाणं.

घामट आणि आरडाओरडीचं: सॉइल अँड पिंप सेशन्स. ते स्वतःच्या वादनाला 'डेथ जॅझ' म्हणतात. शोधताना मधल्या शब्दाभोवतीची अवतरणचिन्हं गाळली तरी चालतं. शुद्ध जेम्स ब्राउन पंथाचं: ओसाका मोनोरेल, १९९२ पासून, सूट घालून आणि शिस्तीत.

गाणं आणि जॅझ समसमान: एगो-रॅपिनचं 'शिकिसाई नो ब्लूज', मध्यरात्रीच्या कॅबरेसारखं, ऑरेंज पेकोचा 'ऑर्गॅनिक प्लास्टिक म्युझिक' (२००२), सकाळच्या चहासारखा, आणि क्रॅक्लॅक्स, जिथे सगळे वादक जॅझचे आणि गाणी तरी पॉपच राहतात. ॲनिमेवाल्यांसाठी दार अर्थातच 'काउबॉय बीबॉप'चं (१९९८), योको कान्नो आणि सीटबेल्ट्स.

१२. शब्द कळत नाहीत. भाषांतर बघून ऐकू की नुसतं ऐकू?

पहिले काही दिवस नुसतं ऐका. मग 'काशी' (गीताचे शब्द) हा शब्द गाण्याच्या जपानी नावाला जोडून शोधलंत की शब्दांची पानं येतात. ती यंत्राने भाषांतरित करा. यंत्र हटकून चुकतं ते कर्त्यावर. जपानी वाक्यात 'मी', 'तू' बहुतेकदा गाळलेले असतात, यंत्र अंदाजाने भरतं आणि प्रेमपत्राचं भांडण होऊन बसतं. फुजी काझेच्या बाबतीत आणखी एक अडचण: तो ओकायामाच्या बोलीत लिहितो, प्रमाण जपानीवर शिकलेलं यंत्र तिथे अडखळतं. आपली मालवणी यंत्रापुढे टाकून बघा, म्हणजे कल्पना येईल.

लय पकडायची असेल तर रोमन लिपीतले शब्द समोर ठेवा. जपानीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, त्यामुळे सोळाच्या घरांत (प्रश्न ४) अक्षरं चपखल बसतात. देवनागरीत लिहून काढलंत तर आणखी सोपं जातं; जपानी अक्षरं आपल्या बाराखडीत बऱ्यापैकी सरळ उतरतात.

१३. सीडी, एलपी किंवा मैफलीची डिस्क भारतात मागवायची आहे. काय पाहू?

आधी दुकान भारतात पाठवतं का ते शिपिंगच्या यादीत पाहा, टोपलीत दहा वस्तू भरल्यावर नाही. मग 'शोकाई गेन्तेइ-बान' (पहिली मर्यादित आवृत्ती, बहुधा सोबत व्हिडिओ डिस्क) आणि 'त्सुजो-बान' (साधी आवृत्ती) यांतला फरक बघा. गाणी बहुतेकदा तीच असतात, किंमत मात्र बरीच वेगळी.

डिस्कचा घोळ सर्वाधिक लोकांना भोवतो. डीव्हीडीसाठी जपान विभाग २ आणि भारत विभाग ५. ब्लू-रेसाठी जपान विभाग ए आणि भारत विभाग सी. विभाग जुळला नाही तर घरातला प्लेअर डिस्क परत बाहेर काढतो. काही डिस्क विभागमुक्त असतात, पाठीमागच्या खुणेवर ते कळतं. ऑडिओ सीडी आणि एलपीला ही भानगड नाही.

जुन्या मालात 'ओबी' शब्द दिसेल: कव्हरच्या कडेला गुंडाळलेली कागदाची पट्टी. ती असेल तर संग्राहक जास्त पैसे देतात. ऐकणाऱ्याला तिचा काही फायदा नाही. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच किंमत काढा. एकेक सीडी मागवण्यापेक्षा तीन-चार मिळून मागवल्या तर टपाल परवडतं. एलपी मात्र जड, तिथे हे गणित लवकर उलटतं.

१४. टोकियोला जाणं होणार आहे. प्रत्यक्ष कुठे ऐकू?

शांत बसून, जेवणासोबत ऐकायचं तर ब्लू नोट टोकियो (मिनामी-आओयामा) किंवा रोप्पोंगीतलं बिलबोर्ड लाइव्ह. एका संध्याकाळी बहुधा दोन प्रयोग असतात. तिकीट फक्त संगीताचं, खाणं-पिणं वेगळं. शिंजुकूचं पिट इन १९६५ पासून जॅझचं. तिथे उद्याचे पॉप वादक आज बाजूला उभे असतात.

छोट्या लाइव्ह हाउसमध्ये तिकिटाशिवाय दारात पेयाचे पाचसहाशे येन द्यावेच लागतात, पिणार नसलात तरी. सुटे जवळ ठेवा. पिशवी नाण्याच्या लॉकरमध्ये जाते. तिकीट काढताना अडतं ते फोन नंबरवर: बऱ्याच तिकीट-सेवा जपानी नंबर मागतात. जागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर इंग्रजी आरक्षण असेल तर तिथून काढा.

रेकॉर्डसाठी शिबुयाचं टॉवर रेकॉर्ड्स नव्या मालाला, डिस्क युनियन जुन्याला. ओचानोमिझुला त्यांचं खास जॅझचं दुकान आहे. जॅझ किस्सा म्हणजे तबकडी ऐकण्यासाठीचा चहा-कॉफीचा अड्डा. योकोहामाचा 'चिगुसा' १९३३ साली सुरू झाला. अशा अड्ड्यांत गप्पा मारायच्या नाहीत. अनेक ठिकाणी कुजबुजलं तरी मालक बघतो.

१५. माझा आवडता बँड 'थांबला' असं वाचलं. संपला का?

शब्द बघा. 'कात्सुदो क्युशी' म्हणजे काम तूर्त थांबवलं. 'काइसान' म्हणजे गट विसर्जित. सच्मोसने २०२१ मध्ये पहिला शब्द वापरला. त्याच वर्षी त्यांचा बेसवादक सू वारला आणि लोकांनी आशा सोडली, पण २०२५ च्या जूनमध्ये ते योकोहामा अरीनात पुन्हा उभे राहिले. दुसरा शब्दही दर वेळी अखेरचा नसतो. टोकियो जिहेन २९ फेब्रुवारी २०१२ ला विसर्जित झाला आणि १ जानेवारी २०२० ला परतला. किरिंजीची तऱ्हा तिसरी: होरिगोमे भावांचा गट, २०१३ मध्ये धाकटा बाहेर पडला, नाव थोरल्याकडे राहिलं. त्यामुळे 'एलियन्स'चा आवाज शोधत नवे अल्बम लावाल तर तो सापडणार नाही. तो यासुयुकी होरिगोमेच्या एकट्याच्या कामात आहे.

१६. फुजी काझे हा तर एकटा गायक. किंग नू, हिगेदान हे तर रॉक-पॉप. यांना यात धरायचं का?

फुजी काझेला धरायलाच हवं. 'हेल्प एव्हर हर्ट नेव्हर' (२०२०) हा अल्बम पियानो, सोल आणि नव्वदीतलं आरअँडबी यांवर उभा आहे. हे शब्द पुट्टपर्तीच्या सत्यसाईबाबांच्या शिकवणीतले, आणि २०२२ च्या 'ग्रेस'चा व्हिडिओ भारतात चित्रित झालेला. 'शिनुनोगा ए-वा'वरून इथवर आला असाल तर तोच पूर्ण अल्बम लावा.

किंग नूचा 'टोकियो राँदेव्हू' (२०१७) धरा, त्यातलं 'व्हिनाइल' मुख्यतः. पुढे ते रॉककडे गेले. ऑफिशियल हिगे डँडिझमचं 'प्रिटेंडर' (२०१९) ऐकून सोल शोधू नका. 'स्टँड बाय यू' (२०१८) लावा आणि दोन-चारवर टाळी द्या.